तोंडी शब्द आणि तहहयात मुकुट : ज्याँ द ब्रिएनचे प्रकरण

९ नोव्हेंबर १२२५. दक्षिण इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात एक मोठे लग्न लागले. नवरी इझाबेला, जेमतेम तेरा वर्षांची, जेरुसलेमची राणी. नवरदेव तीस वर्षांचा सम्राट फ्रेडरिक दुसरा, सिसिलीचा राजा, पहिली बायको वारल्यानंतर पुन्हा बोहल्यावर उभा राहिलेला. नवरीचा बाप ज्याँ द ब्रिएन (इंग्रजी पुस्तकांत याला जॉन म्हणतात) मांडवात आला तेव्हा राजा म्हणवत होता. लग्नानंतर लगेचच जावयाने त्याला सांगितले की जेरुसलेमचा राजा यापुढे मी.

ब्रिएन घराण्याची गोष्ट एरवी अशी सांगतात: फ्रान्समधले एक लहानसे काउंट घराणे धर्मयुद्धांत लढले, चांगल्या सोयरिकी जुळवल्या आणि दोन पिढ्यांत दोन सिंहासनांवर बसले. हे खरेच आहे. पण सोयरिकीतून सत्ता येते कशी, ती जाते कशी आणि एकदा गेल्यावर माणूस पुढच्या वेळी काय सांभाळतो, हे पाहायचे तर ज्याँचे हे एकच प्रकरण बारकाईने वाचावे.

पार्श्वभूमी

ब्रिएन हे गाव शाम्पान्य प्रांतात, त्र्वा शहराच्या पूर्वेला, ओब नदीच्या खोऱ्यात आहे. तिथले काउंट शाम्पान्यच्या बड्या काउंटांचे मांडलिक होते. घराणे जुने आणि मानाचे, पण मुलूख लहान. अशा घरातल्या धाकट्या मुलाला जमिनीचा वाटा फारसा मिळत नसे. त्याच्यापुढे मठ, एखाद्या मोठ्या सरदाराची चाकरी किंवा पूर्वेकडचे धर्मयुद्ध एवढ्याच वाटा असत.

ब्रिएनांनी पूर्वेची वाट धरली होती आणि तिची किंमतही मोजली होती. ज्याँचा बाप एरार दुसरा पवित्र भूमीतल्या अक्रे शहराच्या वेढ्यात गेला आणि त्या छावणीतच वारला. त्याआधी ४ ऑक्टोबर ११८९ च्या लढाईत ज्याँचा काका आंद्रे त्याच शहराबाहेर मारला गेला होता. थोरला भाऊ गोतिए तिसरा याने ११९९ मध्ये एक्री येथे धर्मयुद्धाची शपथ घेतली खरी, पण तो जेरुसलेमकडे न जाता इटलीकडे वळला. त्याची बायको एल्विरा सिसिलीचा माजी राजा तांक्रेद याची मुलगी होती आणि तिच्यामुळे लेच्चे आणि तारांतो या जहागिऱ्यांवर त्याला दावा सांगता येत होता. पोप इनोसंट तिसरा पाठीशी होता. १२०१ मध्ये गोतिएने दोन लढाया जिंकल्या. १२०५ मध्ये तो जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडला आणि कैदेत मेला. त्याचा मुलगा, तोही गोतिएच, बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. हे पोर ध्यानात ठेवावे लागेल, कारण वीस वर्षांनी त्याच्याच अस्तित्वामुळे ज्याँवर संशय घेतला गेला.

भाऊ गेल्यावर पुतण्या लहान म्हणून ब्रिएनचा कारभार ज्याँकडे आला. म्हणजे वयाच्या पस्तिशी-चाळिशीत त्याच्याजवळ काय होते? लढाईचा अनुभव, घराण्याचे नाव आणि दुसऱ्याच्या मुलाची जहागीर.

१२०८ मध्ये जेरुसलेमच्या राज्यातून फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याच्याकडे वकील आले. त्यांची राणी मारी उपवर झाली होती आणि तिला नवरा हवा होता. फिलिपने ज्याँचे नाव सुचवले. एवढ्या मोठ्या स्थळाला एवढा लहान माणूस का, हा प्रश्न तेव्हाही पडला असणार. फिलिपने आणि पोपने प्रत्येकी चाळीस हजार लिव्र दिले, ते याच उणिवेवरचे पांघरूण होते. १३ सप्टेंबर १२१० रोजी ज्याँ सुमारे तीनशे सरदारांसह अक्रेला उतरला, दुसऱ्या दिवशी त्याचे लग्न लागले आणि ३ ऑक्टोबरला टायर शहरात नवरा-बायकोचा राज्याभिषेक झाला.

जेरुसलेम शहर ११८७ मध्येच हातचे गेले होते. राज्य उरले होते ते किनारपट्टीपुरते, राजधानी अक्रे. तरी राजा तो राजा.

खरा पेच : मुकुट कोणाचा

जेरुसलेमच्या रिवाजाप्रमाणे राज्य रक्ताने जात असे. मुलगा नसेल तर मुलगी वारस. तिचा नवरा अभिषेक होऊन राजा होई, राज्य करी, सैन्य नेई. पण मूळ हक्क बायकोचा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वहिवाट त्याची, मालकी तिची.

लग्नानंतर दोनच वर्षांत, १२१२ मध्ये, मारी गेली. मागे तान्ही इझाबेला राहिली. त्या क्षणी मालकी मुलीकडे गेली आणि ज्याँ तिचा पालक म्हणून उरला. सातबाऱ्यावर अज्ञान मुलीच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून बापाचे नाव येते, तशी ही स्थिती. फरक इतकाच की ज्याँ स्वतःला राजा म्हणवत राहिला, पोपही त्याला राजा म्हणत राहिला आणि मुलगी पाळण्यात असेपर्यंत हा भेद कोणाला जाचत नव्हता. पण तिथे मुलीचे लग्नाचे वय बारा होते. म्हणजे ज्याँच्या राज्याची मुदत १२१२ मध्येच ठरून गेली होती.

हे त्याला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. अगदी असेच उदाहरण त्याच्या बापाच्या छावणीत घडले होते. राजा गी द लुसिन्याँ हा राणी सिबिलाचा नवरा. ११९० मध्ये अक्रेच्या वेढ्यात सिबिला आणि तिच्या मुली साथीत वारल्या. सरदार म्हणू लागले की राणी गेली, तिच्या पोटचेही कोणी उरले नाही, आता गी कसला राजा? दोन वर्षे भांडून शेवटी त्याला मुकुट सोडावा लागला आणि सायप्रस बेटावर समाधान मानावे लागले. सिबिलाची सावत्र बहीण राणी झाली. तिचीच मुलगी मारी. म्हणजे ज्याँची सोयरीक मुळात शक्य झाली ती गी हरला म्हणून.

मधली दहा वर्षे

या काळात ज्याँने दुसरे लग्न केले, आर्मेनियाचा राजा लेओ याच्या मुलीशी. त्या राज्यावरही त्याने दावा सांगितला, पण १२२० च्या सुमारास ती आणि तिचा लहानगा मुलगा दोघेही वारले आणि ते दार बंद झाले.

मोठा घाव बसला तो इजिप्तमध्ये. १२१८ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाचे सैन्य नाईलच्या मुखाशी दमिएत्ता शहराला भिडले. सुलतान अल-कामिलने प्रस्ताव दिला: इजिप्त सोडा, जेरुसलेम घ्या. ज्याँ घ्या म्हणत होता. पोपचा प्रतिनिधी पेलागियस आणि लढवय्ये धर्मसंघ नको म्हणत होते. नोव्हेंबर १२१९ मध्ये शहर पडले, पुढे दीड वर्ष सैन्य तिथेच रेंगाळले आणि १२२१ च्या ऑगस्टमध्ये मन्सुराकडे कूच करताना नाईलच्या पुरात आणि शत्रूच्या वेढ्यात अडकले. शरणागतीच्या वेळी ज्याँ ओलीस राहिला. दमिएत्ता परत गेले, जेरुसलेम मिळाले नाही.

ज्याने तह घ्या म्हणून सांगितले होते, त्यालाच ओलीस व्हावे लागले. यातून ज्याँने काढलेला धडा असा दिसतो: आपल्या नावाला वजन नाही, म्हणून आपला सल्ला चालत नाही. राज्य वाचवायचे तर युरोपातला सर्वांत बलाढ्य माणूस पाठीशी हवा.

फेरेंटिनो, मार्च १२२३ : समोरचे पर्याय

रोमच्या दक्षिणेला फेरेंटिनो येथे पोप होनोरियस तिसरा, सम्राट फ्रेडरिक, ट्युटॉनिक संघाचा (जर्मनांच्या लढवय्या धर्मसंघाचा) प्रमुख हेर्मान फॉन झाल्त्सा आणि ज्याँ एकत्र बसले. फ्रेडरिकची पहिली पत्नी कॉन्स्टन्स १२२२ च्या जूनमध्ये वारली होती. त्याने धर्मयुद्धाची शपथ घेतलेली होती, पण जाणे वर्षानुवर्षे पुढे ढकलले जात होते. पोपच्या दृष्टीने इझाबेलाशी लग्न हा त्याला पूर्वेकडे ओढायचा दोर होता.

ज्याँपुढे त्या वेळी तीन वाटा होत्या, असे मला वाटते.

पहिली म्हणजे आपल्यासारखाच एखादा मधल्या वजनाचा फ्रेंच सरदार जावई करणे. असा जावई सासऱ्याला मान देऊन राहिला असता. पण त्याच्या मागे ना पैसा, ना आरमार. दमिएत्ताच्या अनुभवानंतर ही वाट ज्याँला पोकळ वाटली असणार.

दुसरी, सायप्रसच्या लुसिन्याँ घराण्यातला बालराजा हेन्री. बेट जवळ, जहाजे जवळ, दोन राज्ये एक झाली असती. पण इझाबेला आणि हेन्री यांची आजी एकच, त्यामुळे पोपची खास परवानगी लागली असती; आणि हेन्री अवघा पाच-सहा वर्षांचा. शिवाय तिथल्या कारभारावर इबेलिन घराण्याची पकड होती. मारीच्या बालपणी राज्य याच इबेलिनांनी चालवले होते. पुन्हा त्यांच्या हाती जाणे ज्याँला रुचले नसते.

तिसरी, फ्रेडरिक.

चौथी गोष्ट वाट म्हणून कोणी मोजली नाही, ती म्हणजे थांबणे. इझाबेला दहा वर्षांची होती. दोन वर्षे तरी कोणी घाई करू शकत नव्हते. आणि पाचवी गोष्ट मनातही आली नसावी: ज्या मुलीचे राज्य, तिला विचारणे.

काय केले

ज्याँने फ्रेडरिकला होकार दिला. समकालीन लिखाण सांगते की हयात असेपर्यंत राज्य ज्याँकडेच राहील, अशी हमी हेर्मानने सम्राटाच्या वतीने दिली होती. लग्नाच्या करारात ती शब्दबद्ध झालेली दिसत नाही. या प्रकरणाचा सगळा भार या एका जागी आहे. हेर्मान सचोटीचा माणूस म्हणून ओळखला जाई, ज्याँने त्याच्या शब्दावर भिस्त ठेवली. पण शब्द पाळायचा होता तो फ्रेडरिकने.

होकार देऊन ज्याँ मदत गोळा करायला निघाला. फ्रान्समध्ये फिलिप त्याच्यावर रागावला, कारण सोयरीक त्याला न विचारता ठरली होती. ज्या राजाने त्याला मुकुटापर्यंत पोहोचवले त्याचा सल्ला त्याने आधी घेतला नाही, अक्रेच्या सरदारांची बैठकही त्यासाठी बोलावली नाही. काही महिन्यांतच, १४ जुलै १२२३ रोजी, फिलिप वारला. मृत्युपत्रात त्याने पवित्र भूमीसाठी मोठी रक्कम ठेवली होती. तिथून ज्याँ स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला गेला आणि १२२४ मध्ये त्याने तिसरे लग्न केले, लेओनच्या राजाची मुलगी बेरेंगेला हिच्याशी. ही सोयरीक तेव्हा फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. घराण्याला पुढे सर्वांत जास्त फळली ती हीच.

जुलै १२२५ मध्ये सान जेर्मानोच्या करारात फ्रेडरिकने ऑगस्ट १२२७ पर्यंत निघण्याचे, एक हजार सरदार दोन वर्षे पोसण्याचे आणि एक लाख औंस सोने अनामत ठेवण्याचे कबूल केले. पोपने आपले सारे असे लिहून घेतले, तारखा आणि आकडे घालून. ज्याँने तसे काही घेतले नाही.

ऑगस्टमध्ये अक्रेच्या होली क्रॉस चर्चमध्ये प्रतिनिधीमार्फत विवाह झाला, टायरला इझाबेलाचा राज्याभिषेक झाला आणि तिला जहाजावर चढवले. इतिवृत्तात लिहिले आहे की दूर जाणाऱ्या किनाऱ्याकडे पाहत ती सीरियाचा निरोप घेत होती, आता हा देश पुन्हा दिसणार नाही म्हणून. तेच खरे झाले.

काय झाले

ब्रिंडिसीनंतर फ्रेडरिकने वेळ दवडला नाही. नवरीसोबत आलेल्या सरदारांकडून त्याने स्वतःच्या नावे निष्ठेच्या शपथा घेतल्या, राजाची पदवी लावली आणि फिलिपने ठेवलेल्या पैशांचाही हिशेब ज्याँकडे मागितला. अक्रेला त्याने मेल्फीच्या बिशपला पाठवून तिथल्याही शपथा उरकल्या. तिथला कारभारी ओदो द मोंबेलियार हा ज्याँच्या आईकडचा नातलग, ज्याँनेच नेमलेला. तोही नव्या धन्याच्या हाताखाली जागेवरच राहिला.

फ्रेडरिकने नवरीच्या चुलतबहिणीला नादी लावले, इझाबेला रडत बापाकडे आली, अशा कहाण्या इतिवृत्तांत आहेत आणि त्या रंगवून सांगितल्या जातात. मला त्या कारण म्हणून पटत नाहीत. फ्रेडरिकला कहाणीची गरज नव्हती, कायदा त्याच्या बाजूचा होता. ज्या नियमाने १२१० मध्ये ज्याँ राजा झाला, नेमक्या त्याच नियमाने १२२५ मध्ये फ्रेडरिक झाला. त्यात ज्याँचा पुतण्या गोतिए, तांक्रेदचा नातू, आता वयात आला होता. सिसिलीवर दावा सांगू शकेल अशा घराला दुसऱ्या राज्याचे सिंहासन ठेवू देणे फ्रेडरिकला परवडणारे नव्हते.

ज्याँ रोमला पोपकडे गेला. होनोरियसला अन्याय दिसत होता, पण धर्मयुद्ध मोडेल म्हणून तो हात राखून वागला. १२२७ च्या सुरुवातीला त्याने ज्याँला पोपच्या मुलखातल्या एका भागाचा कारभारी नेमले. राजाचा नोकर झाला.

२५ एप्रिल १२२८ रोजी आंद्रिया येथे इझाबेलाला मुलगा झाला, कोनराड. काही दिवसांतच ती गेली, सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती. आता गंमत पाहावी तर नियम फ्रेडरिकवर उलटला: मालकी तान्ह्या कोनराडची, फ्रेडरिक केवळ पालक. पण त्याच्याजवळ सैन्य होते. पोपने वाळीत टाकलेला असतानाही तो पूर्वेला गेला, फेब्रुवारी १२२९ मध्ये वाटाघाटींतून जेरुसलेम मिळवले आणि १८ मार्चला तिथे मुकुट डोक्यावर चढवला. दमिएत्तापुढे ज्याँ जे घ्या म्हणत होता, त्याच्याच जवळपासचा हा तह, त्याच अल-कामिलशी. त्याच वेळी ज्याँ इटलीत पोपच्या सैन्याबरोबर जावयाच्या मुलखात लढत होता. जूनमध्ये फ्रेडरिक परतला आणि ही फौज मागे हटली.

पेरुजा, एप्रिल १२२९

या पराभवाच्या तोंडावरच ज्याँला दुसरे सिंहासन सांगून आले. कॉन्स्टँटिनोपलचा लॅटिन सम्राट (म्हणजे तिथल्या पाश्चिमात्य धर्मयोद्ध्यांच्या राज्याचा सम्राट) रोबेर १२२८ मध्ये वारला होता. वारस त्याचा धाकटा भाऊ बोदुएँ, अकरा-बारा वर्षांचा. सरदारांना लढू जाणणारा वयस्क माणूस हवा होता. बेत तोच, जुनाच: लग्न. ज्याँ आणि बेरेंगेलाची मुलगी मारी बोदुएँला द्यायची. ती तेव्हा चार-पाच वर्षांची होती.

या वेळी ज्याँने कलमे घातली. तो पालक म्हणून नव्हे, सम्राट म्हणून येणार आणि तहहयात सम्राट राहणार. सरदार त्याला तशी शपथ देणार. बोदुएँ वीस वर्षांचा झाल्यावर त्याला आशियातला मुलूख मिळेल, तोही ज्याँचा मांडलिक म्हणून. सिंहासन ज्याँच्या मृत्यूनंतरच. ज्याँच्या वारसांनाही जमिनीचा ठरलेला वाटा. पोप ग्रेगरी नववा याने करारावर शिक्कामोर्तब केले.

१२३१ मध्ये तो तिथे पोहोचला आणि त्याला राज्याभिषेक झाला. १२३५ मध्ये निकियाचा सम्राट आणि बल्गेरियाचा राजा दोघे मिळून राजधानीवर चालून आले. ज्याँ तेव्हा पासष्टीच्या घरात होता. अगदी तुटपुंज्या सरदारांनिशी त्याने दरवाजाबाहेर पडून त्यांना हटवले. मार्च १२३७ मध्ये तो वारला, सम्राट म्हणूनच.

वेगळे काय करता आले असते

लेखी घ्यायला हवे होते, हे सोपे उत्तर. पण नुसता कागद पुरला असता असे मला वाटत नाही. राज्याचा रिवाजच नवऱ्याला राजा करत होता. त्याविरुद्धचा कागद फ्रेडरिकने पहिल्याच दिवशी नाकारला असता. तो नाकारणे महाग पडेल अशी तजवीज हवी होती. अक्रेच्या सरदारांची सभा बोलावून, ज्याँ हयात असेपर्यंत दुसऱ्याला शपथ नाही, असे त्यांच्याकडून आधी वदवून घेता आले असते. सान जेर्मानोच्या करारात पोपने सोन्याची अनामत मागितली, त्यातच ज्याँचे एक कलम घालता आले असते. आणि मुलगी अक्रेतच ठेवता आली असती: सम्राटाने तिथे यावे, लग्न तिथे लागेल. पोपलाही हेच तर हवे होते, फ्रेडरिकने पूर्वेला जावे. १२२५ मध्ये ज्याँने आधी दिले आणि मग मिळेल म्हणून वाट पाहिली. पेरुजानंतर त्याने आधी शपथा घेतल्या, मुकुट घेतला आणि लहानग्या मारीचे लग्न बोदुएँशी प्रत्यक्षात लागले ते त्याच्या राज्याभिषेकानंतर.

यात एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे मुलींची जागा. इझाबेला गेली तशी मारीही करारातले एक कलम म्हणूनच गेली. ज्याँ स्वतःच्या हक्काबद्दल शहाणा झाला, एवढेच.

पुढे

बेरेंगेलापासून झालेले तीन मुलगे, आल्फोन्स, ज्याँ आणि लुई, फ्रान्सच्या दरबारात वाढले. राजमाता ब्लाँश ही त्यांच्या आईची मावशी. तिथून त्यांना पदे मिळाली आणि वारस मुलींशी लग्ने झाली. आल्फोन्स बायकोच्या हक्काने ‘ओ’ परगण्याचा काउंट झाला आणि १२७० मध्ये राजा लुई नववा याच्याबरोबर ट्युनिसच्या मोहिमेत मेला. त्याच्या वंशातले दोघे फ्रान्सचे सरसेनापती झाले.

पुतण्या गोतिए जाफाचा काउंट झाला, सायप्रसची राजकन्या त्याने केली आणि १२४४ मध्ये ला फोर्बीच्या लढाईत पकडला जाऊन कैरोच्या कैदेत मारला गेला. त्याचा मुलगा ह्यूग याने जेरुसलेमच्या कारभारावर हक्क सांगितला, तो १२६४ मध्ये फेटाळला गेला, म्हणून तो इटलीत आंजूच्या शार्लकडे (लुई नवव्याचा भाऊ, सिसिलीचा नवा राजा) गेला.

याच शार्लने २९ ऑक्टोबर १२६८ रोजी नेपल्सच्या बाजारचौकात कोनराडिनचा शिरच्छेद करवला. सोळा वर्षांचा कोनराडिन हा कोनराडचा मुलगा, इझाबेलाचा नातू. तिचा वंश तिथे संपला. आणि थोरल्या गोतिएने ज्या लेच्चेसाठी जीव दिला होता, ते शार्लने पुढे ह्यूगला दिले.